एक डुक्कर, दोन गोळ्या: टेक्सासमधल्या एका शेतावर रायफलच्या काडतुसाची निवड

ब्रेनहॅमजवळच्या त्या शेतावर मार्चमधल्या एका रात्री झाडलेल्या गोळीचा नेम चुकला नव्हता, आणि म्हणूनच त्या प्रसंगाची नीट चिकित्सा करणे मला आवश्यक वाटले. माझ्या मित्राने पासष्ट यार्डांवरून, रायफल माळ्याच्या कठड्यावर टेकवून, आडव्या उभ्या असलेल्या नर डुकराच्या खांद्यावर गोळी मारली. डुक्कर पुढच्या गुडघ्यांवर आले, ओरडले, उठले आणि ओढ्याकडच्या झाडीत नाहीसे झाले. आम्ही दोघांनी पहाटे दोनपर्यंत रक्ताचा माग काढला. पहिली चाळीस-पन्नास पावले गवताच्या पात्यांवर करंगळीच्या नखाएवढे थेंब दिसत होते. पुढे काटेरी कुंपणाच्या सर्वांत खालच्या तारेला थोडे रक्त आणि चार राठ केस चिकटलेले आढळले. त्यानंतर काहीच सापडले नाही. जखमी जनावर हातचे गेल्याची बोच शिकार करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. त्या रात्री मित्र झोपला नाही आणि सकाळी त्याने मला विचारले, ‘कॅलिबर लहान पडले का?’

हा प्रश्न रानडुकरांची शिकार सुरू करणारा प्रत्येक जण कधी ना कधी विचारतो. या प्रकरणातून मला जे उत्तर मिळाले ते असे, की कॅलिबरचा, म्हणजे गोळीच्या व्यासाचा, प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न गोळी कशी बनवलेली आहे हा आहे, आणि तोच बहुतेक वेळा विचारला जात नाही.

आधी जागेविषयी सांगतो. ह्यूस्टनच्या वायव्येला, ब्रॅझोस नदीच्या खोऱ्यात, मित्राने सहा वर्षांपूर्वी सेहेचाळीस एकर जमीन घेतली. तिच्यातल्या निम्म्याहून अधिक भागात वैरणीचे बर्म्युडा गवत आहे, ओढ्याच्या काठाने पेकानची झाडे आहेत आणि मधोमध गुरांच्या पाण्यासाठी मातीचा बांध घालून केलेले तळे आहे. अशा तळ्याला तिकडे ‘टँक’ म्हणतात. डुकरे ओढ्याच्या बाजूने येतात, ओल्या जमिनीत मुळे आणि किडे शोधतात, आणि एका रात्रीत अर्धा एकर गवत नांगरल्यासारखे उलथून टाकतात. ते नुकसान केवळ गवताचे नसते. खड्डे आणि ढेकळे वाळून टणक झाली की गवत कापणाऱ्या यंत्राची पाती त्यांवर आपटून मोडतात, आणि कापणीचा दिवस दुरुस्तीत जातो.

ही डुकरे मूळची अमेरिकेतली नाहीत. सोळाव्या शतकात स्पॅनिश मोहिमांबरोबर आलेली पाळीव डुकरे सुटून रानटी झाली, आणि १९३०च्या दशकात काही जमीनदारांनी शिकारीसाठी युरोपातली रानडुकरे आणून सोडली. दोघांच्या संकरातून आजचा प्राणी तयार झाला. टेक्सासमध्ये त्यांची संख्या पंचवीस लाखांच्या वर असल्याचा अंदाज सांगितला जातो. मादी साधारण एकशे पंधरा दिवसांत विते आणि एका वेताला पाच-सहा पिल्ले सहज होतात. त्यामुळे तिथल्या कायद्यानेही या प्राण्याला संरक्षण दिलेले नाही. १ सप्टेंबर २०१९ पासून खासगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीने, डुकरांच्या शिकारीसाठी टेक्सासमध्ये शिकारीचा परवानाही लागत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. महाराष्ट्रातले रानडुक्कर हे आपल्या जंगलाचे मूळ रहिवासी आहे आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते. पिकाचे कितीही नुकसान होत असले तरी वनखात्याच्या रीतसर परवानगीवाचून त्याला मारणे हा गुन्हा आहे. पुढे जे लिहिले आहे ते टेक्सासच्या परिस्थितीतले आहे आणि तिथेच लागू आहे. डुकराच्या शरीराची रचना मात्र दोन्हीकडे जवळपास सारखी आहे. माझ्या लहानपणी सिंधुदुर्गातल्या आमच्या वाडीवर परवान्याची ठासणीची बंदूक बाळगणारे एक आजोबा होते. ते सांगत, ‘डुकराच्या खांद्यावर मारू नये, तिथे त्याने ढाल लावलेली असते.’ मी तेव्हा ते बोलण्याची एक रीत समजत होतो.

तिसऱ्या रात्री ते डुक्कर परत आले. पुढचा डावा पाय टेकवत नव्हते, त्यामुळे ओळखण्यात शंका राहिली नाही. माझ्याकडे .३०८ विंचेस्टर या काडतुसाची बोल्ट रायफल होती, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर हाताने खिटी ओढावी लागणारी. डुक्कर माझ्याकडे उजवी बाजू करून उभे राहिल्यावर मी खांद्याच्या खालच्या तिसऱ्या भागात, पायाच्या रेषेत गोळी मारली, आणि ते जागीच पडले. शेजारच्या शेतातल्या गुरांच्या काट्यावर त्याचे वजन दोनशे चार पाउंड, म्हणजे साडेब्याण्णव किलोच्या आसपास भरले. आता एकाच जनावराच्या दोन बाजूंना, वेगवेगळ्या बनावटीच्या दोन गोळ्यांच्या खुणा होत्या. असा पुरावा क्वचितच हाती लागतो. म्हणून आम्ही ते डुक्कर पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन, कोपरापर्यंत रबरी हातमोजे घालून, नीट उघडले. या डुकरांमध्ये ब्रुसेलोसिस हा जिवाणूंमुळे होणारा रोग आढळतो आणि तो रक्तावाटे माणसाला होऊ शकतो, म्हणून हातमोज्यांवाचून चाकू लावू नये.

डाव्या खांद्यावरची जखम बाहेरून लहान होती, पण कडा सुजलेल्या होत्या आणि वास येत होता. कातडी सोलल्यावर खाली ती ढाल दिसली. ती हाडाची नसते. कातडीच्या खाली, मानेपासून बरगड्यांच्या मध्यापर्यंत पसरलेला तो चिवट, पांढुरका, दाट तंतूंचा थर असतो. नर आपसांत सुळ्यांनी लढतात, आणि जसजसे वय वाढते तसतसा हा थर जाड होतो. या डुकराचा थर माझ्या अंगठ्याच्या रुंदीएवढा भरला. धार लावलेला चाकूही त्यात रबरात फिरवावा तसा अडत अडत चालत होता. गोळी तो थर ओलांडून गेली होती, मात्र त्याच्या खालच्या फऱ्याच्या हाडावर तिचे तुकडे झाले होते. हाडाला तडा गेला होता, आणि त्याच्याभोवतीच्या मांसात तांब्याच्या कवचाचे तीन वाकडे पत्रे आणि शिशाचे राखाडी कण विखुरलेले होते. सर्वांत खोल गेलेला तुकडा कातडीपासून साधारण तीन इंचांवर सापडला. बरगड्यांच्या आतल्या बाजूला ओरखडासुद्धा नव्हता. तीन दिवस आणि तीन रात्री हे जनावर त्या जखमेसह फिरले होते. मित्र बराच वेळ त्या बरगड्यांवरून हातमोज्याचे बोट फिरवत राहिला.

उजव्या बाजूची गोळी ढालीतून, दोन बरगड्यांमधून आणि हृदयाच्या वरच्या टोकातून गेली होती आणि डाव्या बाजूच्या कातडीखाली थांबली होती. ती बाहेर काढून धुतली तेव्हा पावसात उगवलेल्या अळंबीसारखी फुललेली होती, पण अखंड होती.

मित्राची गोळी मुळात कोणती होती? त्याची रायफल एआर-१५ जातीची, .२२३ रेमिंग्टनची, सोळा इंची नळीची. काडतुसे होती पंचावन्न ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप), पूर्ण कवचाची, म्हणजे शिशाच्या गोळीला टोकासकट तांब्याचे आवरण असलेली. ज्या दुकानातून त्याने ती घेतली तिथल्या माणसाने, डुकरांसाठी हवी आहेत हे सांगितल्यावरही, ‘हीच सगळे वापरतात’ म्हणून हजाराचा खोका त्याला दिला होता. पूर्ण कवचाची गोळी कागदी निशाण्यावर सरावासाठी उत्तम असते, कारण ती स्वस्त असते आणि यंत्रात अडकत नाही. जनावरासाठी ती बनवलेलीच नसते. ती फुलेल, सरळ पार जाईल, आडवी होईल की तिचा चुरा होईल, हे अंतर, वेग आणि वाटेत काय लागते यावर अवलंबून राहते. एखाद्या पिल्लावर ती चालून जाते आणि माणसाचा गैरसमज पक्का होतो. मित्राचे तसेच झाले होते. आधीच्या हिवाळ्यात त्याने त्याच काडतुसांनी तीन लहान डुकरे पाडली होती.

इथे शब्दांचा नेमकेपणा उपयोगी पडतो. काडतूस म्हणजे पितळी पुंगळी, तिच्या बुडाचे प्रायमर (चाप ओढल्यावर दारू पेटवणारी टोपी), आतली दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी, असे चार भाग. आपण दुकानात काडतूस मागतो ते पुंगळीच्या नावाने, म्हणजे .२२३, .३०८, .३०-३० असे. जनावरात शिरते ती फक्त गोळी. एकाच नावाच्या काडतुसात एकमेकांहून पार निराळ्या वागणाऱ्या पाच-सहा प्रकारच्या गोळ्या मिळतात, आणि खोक्यावर ते बारीक अक्षरांत लिहिलेले असते. कोल्ह्या-सशांसारख्या जनावरांसाठी पातळ कवचाच्या गोळ्या असतात, त्या लागताक्षणी फुटतात. डुकराच्या ढालीवर त्यांचा उपयोग पूर्ण कवचाच्या गोळीहूनही कमी. साध्या मऊ नाकाच्या गोळीचे टोक उघड्या शिशाचे असते, ते फुलते, पण जाड हाड लागले तर कवच आणि शिसे वेगळे होऊ शकतात. जोडलेल्या गाभ्याच्या गोळीत शिसे कवचाला आतून चिकटवलेले असते, त्यामुळे ती फुलूनही बरेचसे वजन राखते. आणि संपूर्ण तांब्याची गोळी असते, जिच्यात शिसे मुळीच नसते, नाकाला पोकळी असते, आणि ती पाकळ्या उलगडाव्यात तशी उघडते.

डुकरासाठी गोळीकडून दोन गोष्टी हव्यात: ढाल आणि हाड ओलांडून छातीच्या पोकळीपर्यंत पोचणे, आणि तिथे पोचेपर्यंत फुललेली पण एकसंध असणे. पहिली गोष्ट नसेल तर दुसरीचा उपयोग नाही. हरणावर पहिल्या गोष्टीकडे केलेले दुर्लक्ष खपून जाते, कारण हरणाची कातडी पातळ आणि बरगड्या नाजूक असतात. हरणाच्या शिकारीच्या सवयी घेऊन डुकराकडे जाणारा माणूस इथेच फसतो.

नेमाच्या जागेविषयीही याच ठिकाणी बोलले पाहिजे, कारण गोळीची निवड तिच्यापासून वेगळी करता येत नाही. डुकराचे हृदय आणि फुप्फुसे हरणापेक्षा पुढे आणि खाली असतात, पुढच्या दोन पायांच्या मध्ये दडल्यासारखी. पाठीवर केसांची आयाळ आणि चरबी असल्याने पाठीची रेषा खऱ्या कण्यापेक्षा बरीच वर दिसते, आणि खांद्याजवळ कणा खाली वाकलेला असतो. हरणासारखे खांद्याच्या मागे, मध्यावर मारले तर गोळी फुप्फुसांच्या मागच्या टोकाला किंवा थेट पोटात जाते. मित्राची गोळी मात्र खांद्यावर, थोडी वर, लागली होती. ती एकसंध राहिली असती तर फुप्फुसांच्या वरच्या भागातून गेली असती, कदाचित कण्यालाही लागली असती, आणि डुक्कर पडले असते. म्हणून या प्रकरणात दोष मी नेमाला देत नाही.

पुढचा प्रश्न आता काय वापरायचे हा होता. मित्राच्या मनात त्या आठवड्यात तीन पर्याय घोळत होते आणि त्याच्या शेजाऱ्यांनी चौथा सांगितला.

शेजारचे वृद्ध शेतकरी चाळीस-पन्नास वर्षे एकाच लिव्हर रायफलने डुकरे मारत आले आहेत. तिचे काडतूस .३०-३० विंचेस्टर, १८९५ पासून बाजारात असलेले, आणि गोळी एकशे सत्तर ग्रेनची मऊ नाकाची. वेग सेकंदाला साधारण ६७० मीटर, आजच्या मापाने मंद. पण जड, रुंद आणि मंद गोळी ढालीतून शांतपणे पुढे सरकत जाते, आणि शंभर यार्डांच्या आत तिने त्यांना क्वचितच निराश केले आहे. त्यांचे उदाहरण मला महत्त्वाचे वाटते, कारण वेगाच्या आकड्यांनी भारावून जाणाऱ्या नवख्यांना ते जमिनीवर आणते. फक्त त्या रायफलीत काडतुसे नळकांड्यात एकामागे एक बसतात, एकाच्या प्रायमरला मागच्याचे टोक टेकते, म्हणून टोकदार कडक नाकाची गोळी तिच्यात कधीही घालू नये. चपट्या नाकाची, किंवा खास तिच्यासाठी केलेल्या मऊ प्लॅस्टिकच्या टोकाची गोळीच वापरावी लागते. मित्राला रात्री दुर्बीण लावून मारायचे होते, आणि ती जुनी रचना त्याला सोयीची नव्हती.

त्याचा स्वतःचा ओढा .३०० ब्लॅकआउटकडे होता. २०११ मध्ये अमेरिकेत मानक म्हणून स्वीकारले गेलेले हे काडतूस एआर-१५ जातीच्या रायफलीत फक्त नळी बदलून चालते. बाकी सर्व भाग, अगदी मॅगझिन, म्हणजे काडतुसे भरायची पेटीसुद्धा, तेच. एकशे दहा ग्रेनची तांब्याची गोळी ते सेकंदाला ७०० मीटरच्या थोड्या वर वेगाने फेकते आणि डुकरासाठी ती पुरेशी आहे. ध्वनीपेक्षा मंद चालणारी दोनशे-दोनशे वीस ग्रेनची गोळीही तिच्यात मिळते, सायलेन्सर लावून शांतपणे मारण्यासाठी. पण त्या मंद गोळीची ऊर्जा सातशे जूलच्या आसपास, म्हणजे पिस्तुलाच्या पंगतीतली. मोठ्या नरावर ती वापरणे मला पटत नाही.

मी मात्र या पर्यायाला वेगळ्या कारणासाठी विरोध केला, आणि तो विरोध अजूनही कायम आहे. दोन्ही काडतुसे एकाच मॅगझिनमध्ये बसतात. अंधारात चुकून .३०० ब्लॅकआउटचे काडतूस .२२३च्या रायफलीत गेले, तर काही गोळ्यांच्या बाबतीत झडप पूर्ण बंद होते. मग सात पूर्णांक आठ मिलिमीटर व्यासाची गोळी साडेपाच मिलिमीटरच्या नळीत ठासली जाते, आणि रायफल हातात फुटते. असे अपघात झालेले आहेत. ज्या घरात नवरा आणि बायको दोघेही नेम धरतात, एकाच कपाटातून मॅगझिन घेतात आणि बहुतेक वेळा रात्री बाहेर पडतात, तिथे ही दोन काडतुसे एकत्र नांदू नयेत. मॅगझिनांना वेगळ्या रंगाच्या पट्ट्या लावू, असे मित्र म्हणाला. रात्री अकरा वाजता, डुकरांचा कळप समोर असताना, लाल उजेडात पट्टीचा रंग कळत नाही.

उरलेले दोन पर्याय असे होते: आहे ती .२२३ ठेवून गोळी बदलणे, किंवा .३०८ घेणे. आम्ही शेवटी दोन्ही केले. मात्र आधी पहिले केले आणि त्याच्या मर्यादा तपासूनच दुसऱ्याकडे गेलो.

.२२३ मध्ये बासष्ट ग्रेनची, जोडलेल्या गाभ्याची गोळी आणली. पंधरा पूर्णांक चार दशांश ग्रेन म्हणजे एक ग्रॅम, म्हणून ही गोळी चार ग्रॅमची. गोळी जड झाली की लांब होते, आणि लांब गोळी हवेत सरळ राहण्यासाठी नळीतल्या आट्यांचा पीळ घट्ट लागतो. मित्राच्या नळीचा पीळ दर नऊ इंचांना एक फेरा असा होता, तो बासष्ट ग्रेनला पुरेसा आहे. जुन्या, दर बारा इंचांना एक फेरा असलेल्या नळ्या पंचावन्न ग्रेनच्या पुढे भरवशाच्या राहत नाहीत. खोके घेण्याआधी नळीवर कोरलेला हा आकडा वाचावा. मैदानावर शंभर यार्डांना नव्या गोळ्या जुन्यांपेक्षा पावणेदोन इंच खाली आणि किंचित उजवीकडे लागल्या. दुर्बीण पुन्हा जुळवून घ्यावी लागली. हा फरक न तपासता तीच दुर्बीण, तोच नेम आणि नवी गोळी घेऊन कोणी शेतावर गेला असता, तर कानामागे धरलेला नेम जबड्यावर लागला असता. जबडा फुटलेले डुक्कर मरायला आठवडाही घेते.

या गोळीसाठी आम्ही अट घातली: पंच्याहत्तर यार्डांच्या आत, डुक्कर स्थिर असताना, आणि नेम कानामागे किंवा मानेच्या बुडाशी. मोठ्या नराच्या खांद्यावर मारायचे नाही. वहिनींनी ही अट मित्रापेक्षा काटेकोरपणे पाळली. एप्रिलमध्ये त्यांनी तीन माद्या आणि एक तरुण नर मारला, चारही जागीच पडले. एकदा मोठा नर वीस मिनिटे समोर असूनही त्याने मान वळवली नाही, म्हणून त्यांनी चाप ओढला नाही. माझ्या मते त्या महिन्यातला सर्वांत चांगला निर्णय तो होता.

पण अशा मोठ्या नरांना मारण्यासाठीच तर मुळात रायफल हवी होती, म्हणून जूनमध्ये मित्राने .३०८ विंचेस्टरची बोल्ट रायफल घेतली. एकशे पन्नास ग्रेनची, म्हणजे पावणेदहा ग्रॅमची गोळी ती सेकंदाला साधारण ८६० मीटर वेगाने सोडते. ऊर्जा साडेतीन हजार जूलच्या वर जाते, .२२३च्या दुप्पट. गोळी कोणत्या बनावटीची घ्यायची यावर वहिनींचे मत निर्णायक ठरले. मांस घरात खाल्ले जाते, मुले खातात, आणि शिशाच्या गोळीचे कण जखमेभोवतीच्या मांसात विखुरतात, हे त्यांनी त्या शेडमध्ये स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर संपूर्ण बंदी घातली, ती मुख्यतः काँडर गिधाडांसाठी. टेक्सासमध्ये डुकरांसाठी तशी सक्ती नाही. घरच्या ताटासाठी मात्र तोच विचार पुरेसा होता, आणि संपूर्ण तांब्याची गोळी ठरली. तांब्याची गोळी उघडायला वेग लागतो, आणि फार लांबवर वेग उतरला की ती नीट उघडत नाही. इथे सर्वांत लांबचा नेम एकशे वीस यार्डांचा असल्याने तो प्रश्न आला नाही. किंमत एका काडतुसाला दोन-अडीच डॉलर पडते, सरावाच्या काडतुसाच्या चौपटीहून अधिक. पण वर्षाला वीस-पंचवीसच्या पुढे लागत नाहीत, आणि मोडलेल्या एका पात्याच्या दुरुस्तीपुढे तो खर्च काहीच नाही.

ताकदवान गोळी घेतली की ती कुठे थांबेल हा प्रश्न अधिक गंभीर होतो. मित्राच्या शेताच्या पूर्वेला चारशे यार्डांवर एक घर आहे. .३०८ची गोळी डुकरातून पार जाऊनही बरेच अंतर कापू शकते, आणि हवेत सुटली तर काही किलोमीटर जाते. म्हणून आम्ही डुकरांना आमिष म्हणून धान्य टाकणारे यंत्र उचलून तळ्याच्या बांधाच्या पायथ्याशी, माळ्यापासून सत्तर यार्डांवर नेले. माळा बारा फूट उंच आहे. दीड फूट उंचीवरच्या नेमासाठी गोळी इतक्या उतारावरून जाते, की डुकरातून पार गेली तर मागे साधारण दहा यार्डांवर जमिनीला लागते, आणि तिथे बांधाची आठ फूट मऊ माती आहे. बांधाच्या दोन टोकांना पांढऱ्या रंगाचे खांब रोवले. दुर्बिणीत डुक्कर त्या खांबांच्या बाहेर दिसले तर मारायचे नाही. आणखी एक अट .३०८मुळेच घालावी लागली: कळपात एका डुकराच्या मागे दुसरे उभे असेल तर थांबायचे, कारण पार गेलेली गोळी मागच्या डुकराला मारत नाही, जखमी करते. मार्चमधल्या त्या रात्रीची पुनरावृत्ती आम्हाला कोणत्याही कॅलिबरने नको होती.

भारतातून आलेल्या वाचकांसाठी कायद्यातली एक बारकाई सांगितली पाहिजे, कारण मित्राच्या शेतावर येणाऱ्या पाहुण्यांमुळे ती आमच्यासमोर प्रत्यक्ष आली. मित्र अमेरिकेचा नागरिक आहे. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला मात्र अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतुसे जवळ बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे, आणि तिला जे मोजके अपवाद आहेत त्यांत वैध शिकार-परवाना हा एक आहे. टेक्सासमध्ये खासगी जमिनीवर डुकरांसाठी परवाना लागत नाही, म्हणून ‘परवाना कशाला काढायचा’ असे वाटणे साहजिक आहे. पण तो काढला नाही तर केंद्रीय कायद्यातला अपवादही लागू होत नाही. पाहुण्याने आधी परवाना काढावा आणि वकिलाला विचारावे, त्याशिवाय मित्र आता कोणाच्या हाती रायफल देत नाही.

नव्या व्यवस्थेची पहिली खरी परीक्षा ऑगस्टमध्ये झाली. एप्रिलमध्ये वहिनींनी सोडून दिलेला तो मोठा नर, डाव्या कानाला खाच असल्यामुळे ओळखता येणारा, रात्री साडेदहाला बांधापाशी आला. मित्राने तो आडवा होईपर्यंत वाट पाहिली, मागे दुसरे डुक्कर नाही हे पाहिले, आणि पुढच्या पायाच्या रेषेत, खालच्या तिसऱ्या भागात नेम धरला. डुक्कर अकरा पावले गेले. ते दोनशे एकतीस पाउंडांचे होते आणि ढाल पहिल्या डुकराहून जाड होती. गोळी दोन्ही खांद्यांतून गेली आणि पलीकडच्या कातडीखाली सापडली. दारू आणि गोळ्या मोजायच्या लहान काट्यावर तिचे वजन एकशे एकोणपन्नास ग्रेन भरले. चारही पाकळ्या शाबूत होत्या.

सप्टेंबरमध्ये एक गोळी मात्र वाया गेली, आणि तिची नोंद केल्याशिवाय हे टिपण पुरे होणार नाही. तिरक्या उभ्या असलेल्या मादीवर मित्राने नेहमीच्याच जागी, खांद्यावर, नेम धरला. मागून पुढे तिरके उभे असलेल्या जनावरात गोळी पलीकडच्या खांद्याच्या दिशेने जायला हवी, म्हणजे अलीकडच्या बाजूला बरीच मागे लागायला हवी. ती पुढे लागली, छातीच्या बाहेरून मांसातून गेली, आणि मादी निघून गेली. सकाळी ओढ्यापलीकडे सव्वादोनशे यार्डांवर ती मेलेली सापडली. तांब्याच्या गोळीने तिचे काम चोख केले होते, पण चुकीच्या वाटेने. त्या दिवसापासून मित्राने माळ्याच्या आतल्या फळीवर खडूने डुकराची तीन चित्रे काढली आहेत, आडवे, पुढून तिरके आणि मागून तिरके, आणि प्रत्येकात पलीकडच्या पायावर एक फुली.

कळपाचा प्रश्न रायफलीने सुटणार नाही, हेही आता त्याला मान्य झाले आहे. संख्या नुसती स्थिर ठेवण्यासाठीसुद्धा दरवर्षी सुमारे दोन-तृतीयांश डुकरे काढावी लागतात असे तिथले शेतीतज्ज्ञ सांगतात, आणि गोळीबाराने कळप पांगतो आणि सावध होतो. म्हणून पेकान गळायला लागण्याआधी त्याने ओढ्याच्या वळणावर मोठा गोल पिंजरा बसवायला घेतला आहे, अख्खा कळप आत आल्यावर दार पाडता येईल असा. पिंजऱ्याकडे न फिरकणारे एकटे नर रायफलीसाठी राहतील.

मार्चमधल्या त्या हजाराच्या खोक्यात अजून साडेसहाशे काडतुसे शिल्लक आहेत. मित्राने ती घरातल्या कपाटातून काढून मैदानावर न्यायच्या पेटीत ठेवली आहेत, आणि झाकणावर ठळक मराठी अक्षरांत लिहिले आहे: ‘फक्त कागदासाठी’.